जामीनदार म्हणून सही करण्याआधी काय पाहावं? आणि सही होऊन गेली असेल तर?

केवडा यांचा प्रश्न:

पुढच्यास ठेच, मागचा शहाणा असं आपण म्हणतो. पण जामीन राहण्याच्या बाबतीत मागचाही त्याच दगडाला अडखळताना दिसतो. कायम नोकरी, नियमित पगार आणि भिडस्त स्वभाव एवढं असलं की वर्षा-दोन वर्षांत कोणी तरी कर्जमागणी अर्ज घेऊन समोर बसतंच. ‘नुसती सही हवी आहे’, ‘हप्ता पगारातूनच कापला जाणार आहे’, ‘तुला एक रुपया भरावा लागणार नाही’ ही वाक्यं सगळीकडे तीच. ऑफिसातला सहकारी असतो, चुलतभाऊ असतो, गावाकडचा वर्गमित्र असतो.

नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना यातलं काहीच कोणी शिकवत नाही. म्हणून जाणकारांना विचारते. जामीनदाराची जबाबदारी नेमकी किती असते? सही करण्याआधी कोणते कागद बघावेत? नंतर त्यातून बाहेर पडता येतं का? कर्ज थकलं आणि नोटीस आली तर पहिल्या दिवसापासून काय करावं? आणि नातं न तोडता नाही कसं म्हणावं? ‘कोणालाच जामीन राहू नका’ एवढं एकच वाक्य नको, ते सगळ्यांना माहीत आहे. तपशील हवा आहे.

वहीखातं:

सगळ्यात मोठा गैरसमज आधी काढू. बहुतेक लोक जामिनाची सही साक्षीदाराच्या सहीसारखी करतात. साक्षीदार फक्त ‘माझ्यासमोर सही झाली’ एवढं सांगतो. जामीनदार ‘याने भरलं नाही तर मी भरीन’ असं लिहून देतो. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२८ प्रमाणे करारात वेगळं काही लिहिलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मुद्दल, व्याज, दंडव्याज, वसुलीचा खर्च, सगळं त्यात आलं. आधी कर्जदाराची मालमत्ता विका आणि मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्येच बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात हे स्पष्ट केलं. दोन जामीनदार असले तर माझ्यावर निम्मंच, हीसुद्धा चुकीची समजूत. कर्ज देणारी संस्था दोघांपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकते. निम्म्याचा हिशेब त्या दोघांनी आपसात करायचा.

आणि संस्था कोणाकडे आधी जाते? जो सापडतो त्याच्याकडे. कर्जदाराचा धंदा बसलेला असतो, फोन बंद असतो, घर आईच्या नावावर असतं. जामीनदाराचा पगार मात्र दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला ठरलेल्या खात्यात येतो. वसुली अधिकाऱ्याच्या जागी बसून विचार केला की यातलं सगळं गणित कळतं. चांगला जामीनदार म्हणजे ज्याच्याकडून वसुली सोपी, असाच त्याचा अर्थ आहे.

आता आकडे. समजा ५ लाखांचं विनातारण कर्ज, १४ टक्के व्याज, ६० हप्ते. हप्ता साधारण ११,६३४ रुपये. कर्जदाराने दोन वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले, म्हणजे जवळपास २ लाख ७९ हजार भरले. तरी बाकी उरते सुमारे ३ लाख ४० हजार, कारण सुरुवातीच्या हप्त्यांत व्याजाचा वाटा मोठा असतो. ‘अर्धं फिटलं की आता’ असं कर्जदार सांगतो ते इथे. आता त्याने भरणं थांबवलं आणि दीड वर्ष जामीनदाराला पत्ताच नाही. १४ टक्के आणि वर २ टक्के दंडव्याज धरलं तर सरळ व्याजानेही ८१-८२ हजार वाढतात. जामीनदाराच्या दारात येणारा आकडा सव्वाचार लाखांच्या आसपास, वर नोटिसांचा आणि वसुलीचा खर्च वेगळा. म्हणून सही करताना मनात हप्ता धरू नका, पूर्ण रक्कम धरा. ही रक्कम मला स्वतःला, माझी घडी न विस्कटता फेडता येईल का? उत्तर नाही असेल तर माणूस कितीही चांगला असो, सही करायची नाही. चांगली माणसंही आजारी पडतात, त्यांचीही नोकरी जाते.

तरी सही करायचीच असेल तर हे बघा. कर्जमागणी अर्ज, कर्जरोखा, वचनचिठ्ठी आणि जामीनपत्र या चारही कागदांवर रक्कम अंकी आणि अक्षरी भरलेली असली पाहिजे. व्याजदर, मुदत, दंडव्याज लिहिलेलं हवं. कोऱ्या जागेखाली सही नको; जागा उरलीच तर आडवी रेघ मारून तिथे छोटी सही. प्रत्येक कागदाचा मोबाइलवर फोटो, आणि मंजुरीपत्राची प्रत स्वतःसाठी मागून घ्या. संस्था देत नसेल तर कर्जदाराकडून घ्या. तोही देत नसेल तर तिथेच थांबा.

पगारदार पतसंस्थेत आणखी एक कागद असतो, कपातीचं संमतीपत्र. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ नुसार सभासदाने असा करार करून दिला की कार्यालय त्याच्या पगारातून कापून संस्थेला भरतं. कर्जदाराचं संमतीपत्र असायलाच हवं. पण त्याच गठ्ठ्यात जामीनदाराचंही असतं, आणि ते वाचलं जात नाही. ‘हप्ता पगारातून जाणार’ हा भरवसा कर्जदार त्या नोकरीत आहे तोवरच टिकतो. त्याने राजीनामा दिला, निलंबित झाला, बिनपगारी रजेवर गेला की कपात थांबते. कर्ज थकण्याची सुरुवात फार वेळा इथूनच होते.

कोरा धनादेश अजिबात नको. जामीनदाराने दिलेला धनादेश वटला नाही तरी परक्राम्य संलेख अधिनियमाचं कलम १३८ लागू शकतं, सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये ते स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे दिवाणी देण्यासोबत फौजदारी तक्रारही मागे लागते. धनादेश द्यावाच लागला तर त्याचा क्रमांक जामीनपत्रात लिहून घ्या, नंतर तो परत मागायला आधार राहतो.

गावकूस:

वरच्या प्रतिसादात शेतीचा भाग राहिला म्हणून थोडं. गावाकडे जामीनदाराचा सात-बारा मागतात. नुसती प्रत जोडली म्हणजे जमीन तारण दिली असं होत नाही. पण गहाणखतावर किंवा बोजा चढवण्याच्या संमतीवर सही घेतली असेल तर सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात बोजा येतो, आणि मग ती जमीन विकताना, वाटणी करताना, स्वतःला पीककर्ज काढताना अडते. सही केल्यानंतर महिनाभराने आपला सात-बारा महाभूलेख या सरकारी संकेतस्थळावर उघडून तो रकाना बघायचाच.

कर्ज फिटलं तरी बोजा आपोआप उतरत नाही. संस्थेकडून निल दाखला (काही बाकी नाही असा) आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्यायचं, ते तलाठ्याकडे (आता ग्राम महसूल अधिकारी) किंवा ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करून द्यायचं, आणि फेरफार मंजूर होऊन नवा उतारा हातात येईपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही. फिटलेल्या कर्जाचे बोजे पंधरा-पंधरा वर्षं तसेच राहतात, आणि मग एके दिवशी त्या संस्थेचं विलीनीकरण झालेलं असतं, शाखा बंद झालेली असते, दाखला कोणाकडून घ्यायचा हाच प्रश्न पडतो.

सामाईक खात्याच्या जमिनीवर एका भावाने परस्पर असं काही लिहून दिलं की भांडण बँकेशी राहत नाही, घरात येतं. ज्यांचं ज्यांचं नाव उताऱ्यावर आहे त्यांना आधी सांगा.

निशिगंध:

नाही कसं म्हणायचं यावर लिहिते, कारण खरी अडचण तिथेच होते. कायदा समजलेली माणसंही भिडेपोटी सही करतात.

पहिली गोष्ट, उत्तर लगेच द्यायचं नाही आणि लांबवायचंही नाही. ‘बघतो’, ‘विचार करतो’ म्हटलं की समोरचा दुसरा जामीनदार शोधत नाही, तुमच्या भरवशावर राहतो, आणि पंधरा दिवसांनी नाही म्हटलं की राग दुप्पट होतो. एक-दोन दिवसांत स्पष्ट सांगावं. दुसरी गोष्ट, खोटं कारण देऊ नये. ‘माझंच कर्ज चालू आहे’ म्हटलं की ‘ते चालतं, मी साहेबांना विचारलंय’ असं उत्तर येतं, आणि मग मागे फिरायला जागा राहत नाही. ‘आमच्या घरात कोणीच कोणाला जामीन राहायचं नाही असं ठरलेलं आहे’ हे वाक्य खरं करून ठेवा. नवरा-बायकोने, भावंडांनी एकदा बसून खरोखर ठरवा. मग त्यात त्या माणसावर अविश्वास दाखवल्यासारखं होत नाही.

आणि नुसतं नाही म्हणून माणसाला उभं सोडू नये. सोनं असेल तर सोनेतारण कर्ज काढायला सोबत जा. मुदत ठेव असेल तर ठेवीवर कर्ज मिळतं आणि त्याचा दर विनातारण कर्जापेक्षा कमी पडतो. एलआयसीची जुनी पॉलिसी असेल तर तिच्यावरही मिळतं का ते बघा. यातल्या कशालाच सहसा जामीनदार लागत नाही. दवाखान्याचं कारण असेल तर मोठ्या रुग्णालयातल्या समाजसेवा अधीक्षकांकडे चौकशी करा, धर्मादाय रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी राखीव खाटा असतात.

शिवाय, परत आली नाही तरी चालेल एवढीच रक्कम स्वतः उसनी द्या. २५ हजार द्या, ५० हजार द्या, पण खात्यातून द्या. २० हजार किंवा त्याहून जास्त रक्कम रोख उसनी घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि रोखीचा पुरावाही राहत नाही. ५० हजार बुडाले तर वाईट वाटतं, पण ते तिथेच संपतं. जामिनात किती बुडणार हे दुसऱ्याच्या हातात असतं.

साटंलोटं मात्र कटाक्षाने टाळा. ‘तू मला राहा, मी तुला राहतो’ यात दोघांची कर्जं एकमेकांत अडकतात. एकाचं थकलं की संस्था दुसऱ्याचं नवं कर्ज अडवते.

माजघर:

केवडा, फार गरजेचा धागा. एक विचारायचं आहे. सही होऊन एक वर्ष झालं आहे, हप्ते आत्तापर्यंत वेळेवर आहेत, पण कर्जदार नोकरी बदलतो आहे. आता जामिनातून नाव काढून घेता येईल का? आणि हप्ते चालू आहेत की नाहीत हे जामीनदाराला कसं कळावं?

वहीखातं:

@माजघर, एकरकमी वाटलेलं मुदत कर्ज असेल तर एकतर्फी नाव काढता येत नाही. पैसे तुमच्या शब्दावर देऊन झालेले आहेत. मार्ग एकच, बदली जामीनदार. कर्जदाराने नवा जामीनदार द्यायचा, संस्थेने तो स्वीकारायचा, आणि ‘अमुक यांना जामिनातून मुक्त केले’ असं पत्र तुम्हाला द्यायचं. कर्जदाराचं तोंडी ‘तुझं नाव काढलं’ याला अर्थ नाही. नव्या जामीनदाराच्या सह्या झाल्या तरी तुमच्या हातात पत्र येईपर्यंत तुम्ही आतच आहात.

दुकानाचं कॅश क्रेडिट (मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं कर्ज) असेल तर गोष्ट थोडी वेगळी. ती चालू हमी असते, म्हणजे पुढच्या व्यवहारांनाही लागू होणारी. करार कायद्याच्या कलम १३० प्रमाणे पुढच्या व्यवहारांपुरती ती लेखी नोटीस देऊन मागे घेता येते. नोटीस स्पीड पोस्टाने पोचपावतीसह पाठवा आणि त्या दिवसाची बाकी लेखी मागा. तेवढ्या बाकीची जबाबदारी मात्र राहते. तुम्हाला न विचारता मर्यादा वाढवली किंवा अटी बदलल्या तर कायद्याने पुढच्या व्यवहारांतून जामीनदार सुटतो, पण छापील जामीनपत्रात बहुधा ‘असे बदल मला मान्य राहतील’ असं कलम आधीच घातलेलं असतं. म्हणून ते बारीक अक्षर वाचायचं.

तुमच्या बाबतीत नोकरी सुटण्याआधीचे आठवडे मोलाचे आहेत. संस्थेला आजच पत्र द्या: कर्जदार नोकरी सोडत आहे, त्याच्या अंतिम देयकातून बाकी वळती करावी, त्याचे शेअर्स आणि ठेवी कर्जात जमा कराव्यात. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या. एकदा अंतिम देयकं निघून गेली की हा दरवाजा बंद होतो.

हप्त्यांवर लक्ष ठेवायला दर तीन महिन्यांनी संस्थेत जाऊन खातेउतारा मागा. बँकेचं कर्ज असेल तर ते तुमच्या क्रेडिट अहवालातही जामीनदार म्हणून दिसतं. सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. तीन-तीन महिन्यांच्या अंतराने एकेकाकडून घेतला की वर्षभर नजर राहते. पण बऱ्याच छोट्या पतसंस्थांची कर्जं त्यात दिसत नाहीत. अहवाल स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहू नका. उलट, बँकेच्या कर्जात कर्जदाराचे हप्ते ९० दिवसांहून जास्त थकले की खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं आणि त्याचा डाग जामीनदाराच्या अहवालावरही येतो. स्वतःचं गृहकर्ज काढायच्या वेळी मग कळतं.

कर्जदार वारला की कर्ज संपतं, हेही खरं नाही. जामीनदाराची जबाबदारी तशीच राहते. म्हणून कर्जावर जीवनविमा घेतलाय का आणि त्याची मुदत कर्जाइतकी आहे का, हे सही करतानाच विचारा.

तिन्हीसांज:

नोटीस आल्यावर काय, हे राहिलंय.

पतसंस्था दिवाणी दावा लावत बसत नाही. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली सहकारी संस्थांच्या निबंधकांकडे वसुली दाखल्यासाठी अर्ज करते. कर्जदार आणि जामीनदार दोघांना नोटीस येते, सुनावणीची तारीख असते. ही तारीख सगळ्यात महत्त्वाची, आणि नेमकी हीच चुकवली जाते. लोक पाकीट घेत नाहीत, ‘घेतलंच नाही तर लागू कसं होईल’ म्हणून. नाकारलेली नोटीस बजावलेलीच धरली जाते आणि दाखला एकतर्फी निघतो. दाखला निघाला की ती थकबाकी जमीन महसुलाच्या बाकीसारखी वसूल होते, कलम १५६ आणि १९६१ च्या सहकारी संस्था नियमांतल्या नियम १०७ प्रमाणे जप्ती आणि लिलावापर्यंत जाता येतं. दाखल्याविरुद्ध कलम १५४ खाली पुनरीक्षण (वरच्या अधिकाऱ्याकडे फेरतपासणी) मागायचं तर येणे रकमेच्या ५० टक्के आधी संस्थेत भरावे लागतात. सव्वाचार लाखांच्या दाखल्याला दोन लाखांहून जास्त. म्हणून जे काही म्हणायचं ते पहिल्याच सुनावणीत, लेखी.

लेखी म्हणण्यात काय मांडायचं? आधी पूर्ण खातेउतारा मागा आणि कर्जरोख्याशी ओळीने पडताळा. व्याजदर तोच आहे का. कर्जदाराने भरलेल्या प्रत्येक पावतीची जमा त्याच तारखेला आहे का. दंडव्याज ठरल्यापेक्षा जास्त लावलंय का. वकील फी, पोस्टेज, विमा असं काय काय नावे टाकलंय. त्याचे शेअर्स आणि ठेवी वळत्या केल्या का. यात चूक सापडली तर आकडा खाली येतो. ‘मला माहीत नव्हतं’, ‘त्याने फसवून सही घेतली’ एवढंच म्हटल्याने काही होत नाही.

त्यासोबत कर्जदाराच्या मालमत्तेची माहिती तुम्हीच जोडा: आठ-अ (जमिनीच्या खात्याचा उतारा), घराचा मिळकत क्रमांक, गाडीचा नंबर, नवी नोकरी कुठे. वसुली आधी त्याच्यावर करण्याची सक्ती तुम्हाला करता येत नाही, पण माहिती आयती हातात आली तर अधिकारी तिकडे वळण्याची शक्यता वाढते. कर्जाला काही तारण होतं आणि संस्थेने तुमच्या संमतीशिवाय ते सोडून दिलं किंवा हातचं घालवलं, तर करार कायद्याच्या कलम १४१ प्रमाणे त्या तारणाच्या किमतीइतकी तुमची जबाबदारी कमी होते. वाहनकर्जात हे नेमकं तपासा.

नोटीस आल्यावर स्वतःचा फ्लॅट घाईने पत्नीच्या नावावर करणं हा सल्ला सर्रास दिला जातो. घेऊ नका. धनकोला टाळण्यासाठी केलेलं हस्तांतर न्यायालयात रद्द होऊ शकतं आणि तुमची बाजू कायमची पडते.

भरायची वेळ आलीच तर कर्जदाराच्या हातात पैसे देऊन ‘तूच भर’ म्हणू नका. एकरकमी तडजोडीची योजना चालू आहे का विचारा, व्याजात सूट मिळू शकते. रक्कम स्वतःच्या खात्यातून संस्थेच्या खात्यात, आणि पावतीवर ‘जामीनदार म्हणून भरणा’ असं लिहून घ्या. ते शब्द पुढे लागतात. भरलेली पूर्ण रक्कम कर्जदाराकडून मागण्याचा हक्क करार कायद्याचं कलम १४५ देतं, संस्थेच्या हातातलं तारण कलम १४० आणि १४१ मुळे तुमच्याकडे येतं, आणि कलम १४६ प्रमाणे दुसऱ्या जामीनदाराकडून त्याचा वाटा मागता येतो. दावा लावायची मुदत भरल्यापासून तीन वर्षं. नातेवाईक आहे म्हणून ‘देईल की’ करत ही तीन वर्षं निघून जातात. निदान त्याच्याकडून तारखेसह लेखी कबुली मुदतीच्या आत घ्या, म्हणजे मुदत त्या तारखेपासून नव्याने मोजली जाते.

केवडा:

सगळ्यांचे मनापासून आभार. एक शेवटची शंका. महिला बचत गटातून एकीने कर्ज घेतलं आणि बाकीच्या दहाजणींनी सह्या केल्या, तर तोही जामीनच का?

निशिगंध:

गटाच्या कागदावर काय लिहिलंय त्यावर. बँक गटाला कर्ज देते तेव्हा कर्जदार गट असतो आणि परतफेडीची जबाबदारी सगळ्यांची मिळून असते. खासगी मायक्रोफायनान्सच्या पाच-दहा जणींच्या गटात एकमेकींची हमी लिहून घेतलेली असते. एकीचा हप्ता चुकला की बैठक संपवत नाहीत आणि बाकीच्यांना वर्गणी काढायला लावतात. गटात जाण्याआधी दोन गोष्टी विचारा. प्रत्येकीची आणखी किती ठिकाणी कर्जं आहेत? रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून जास्त रक्कम हप्त्यांत जाता कामा नये, ती मर्यादा तिची आधीच भरली आहे का बघा. आणि कर्ज घेणारी ते स्वतः वापरणार आहे की दुसऱ्या कोणाला देणार आहे? दुसऱ्यासाठी स्वतःच्या नावावर उचललेलं कर्ज सगळ्यात आधी थकतं. तसं असेल तर ठरावाच्या वहीत सही करू नका, आणि सही का केली नाही तेही वहीत लिहायला लावा.